घरची मिरची

मिरची आपली, असं आपण छातीठोकपणे म्हणतो. पण ती मूळची अमेरिकेची. कोलंबस १४९२ साली तिकडं पोचला, आणि पुढं पोर्तुगीजांनी ती गोव्याच्या किनाऱ्याला आणली. त्याआधी आपल्याकडं तिखटाला मिरी होती. मग या परक्या पिकाची कोल्हापूरकडं लवंगी, संकेश्वरला संकेश्वरी, नागपूरकडं भिवापुरी कशी झाली? तेव्हा ना कृषी विद्यापीठ होतं, ना बियाण्याचं दुकान. हे काम शेतकऱ्यांनी केलं, आणि बी राखायचं काम घराघरांत बायकांकडंच असायचं.

आमच्या चिखलीत मी ते पाहिलंय. आई, चुलत्या, शेजारच्या बाया पहिल्या तोड्याची मिरची बियाला धरत नसत. चुरडा-मुरडा न आलेलं, फळांनी लगडलेलं झाड हेरून त्याला चिंधी बांधायच्या. फळं झाडावरच लाल करायची, वाळवायची, बी राखेत घोळून गाडग्यात ठेवायचं. मिरचीचं फूल स्वतःच फळतं, पण माश्या दुसऱ्या झाडाचे परागही आणतात. म्हणून तिखट आणि फिक्या मिरचीचे वाफे लांब ठेवायच्या. पावसाआधी बी ओच्यातनं एकमेकींकडं जायचं. एकीचं गेलं तरी दुसरीकडं सापडायचं. परीक्षा पाट्यावर व्हायची.

शास्त्रज्ञही निवडच करतात. दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेनं एन. पी. ४६ ए आणि पुरी रेड यांच्या संकरातून पुसा ज्वाला काढली. त्यांच्याकडं नोंदवही होती. आमच्या बायांच्या वाणाला नाव एकच, 'घरची'. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या वेगळ्या ओंब्या निवडत भाताचं एचएमटी वाण उभं केलं, तेव्हा कुठं शेतकऱ्याची नजर लोकांना दिसली. २००१ च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, वाटायचा आणि आपल्या वाणाची नोंद करायचा हक्क दिला.

पण त्याआधीच, १९९७ साली चिखली महापालिकेत गेली. रानात प्लॉट पडले, शेडं उभी राहिली. जमिनीचा भाव झाला, गाडग्यातल्या बियाचा कुणी केला नाही. मिरचीचं बी दोन-तीन वर्षं पेरलं नाही की उगवण घटत जाते. आमची घरची मिरची तशीच गेली.

तुमच्या गावी जुनी मिरची कुणाकडं असेल तर मूठभर बी मागून आणा. गच्चीतल्या कुंडीतही ती येते. चांगल्या झाडाला चिंधी बांधा, बी दोघातिघांना द्या, आणि ते कुणाच्या घरचं, तेवढं पुडीवर लिहून ठेवा.