उभ्याने जेवण : बंगळुरूच्या दर्शिनीतील दुपार

उभ्याने जेवू नये, असे आपल्याकडे लहानपणापासून बजावले जाते. पाट मांडावा, तांब्या-भांडे ठेवावे आणि मगच पानावर बसावे, ही जेवणाची रीत. कामानिमित्त प्रथमच बंगळुरूला गेलेल्या मराठी माणसाच्या या रीतीला धक्का बसतो तो दुपारी एकच्या सुमारास. कोपऱ्यावर एक लहानसे हॉटेल असते. आत खुर्ची म्हणून नाही. दाराशी गल्ला, समोर स्टीलचा लांब काउंटर, त्यापलीकडे वाफाळणारी पातेली, आणि छातीइतक्या उंच टेबलांभोवती उभी राहून मुकाट्याने जेवणारी माणसे. बँकेतील अधिकारी, रिक्षाचालक, महाविद्यालयीन मुली, न्यायालयातून आलेले वकील, सारे एकाच टेबलाच्या कडेला ताटल्या टेकवून उभे. या प्रकारच्या हॉटेलास तेथे 'दर्शिनी' असे म्हणतात.

दर्शिनी ही फार जुनी संस्था नव्हे. १९८३ साली जयनगर भागात 'कॅफे दर्शिनी' सुरू झाले आणि आर. प्रभाकर यांच्याकडे या कल्पनेचे जनकत्व दिले जाते. पुढे उपाहारदर्शिनी आणि इतर अनेक दर्शिनी निघाल्या आणि मूळ विशेषनामाचे सामान्यनाम झाले. आज फलकावर तो शब्द असो वा नसो, उभ्याने खाण्याच्या शाकाहारी हॉटेलास बंगळुरूकर दर्शिनीच म्हणतो. नावही अन्वर्थक आहे. जुन्या हॉटेलांत मुदपाकखाना पडद्याआड असे. येथे डोसा तव्यावर पडतो तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत.

अर्थात, या शहराला हॉटेलांची परंपरा त्यापूर्वीचीच आहे. मावळ्ळी टिफिन रूम, म्हणजे सर्वश्रुत 'एम.टी.आर.', १९२४ची, गांधीबाजारातील विद्यार्थी भवन १९४३चे. शंकरपुरमधील ब्राह्मिन्स कॉफी बार हे १९६५चे हॉटेल तर दर्शिनीचे पूर्वरूपच मानावे लागेल. मोजकेच पदार्थ, सांबार नाही, फक्त चटणी, आणि खाणारे रस्त्याच्या कडेला उभे. परंतु या साऱ्यांच्या नावांकडे पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. टिफिन आणि कॉफी हे शब्द त्यांत आहेत. भोजन हा शब्द नाही.

टिफिन वेगळे, जेवण वेगळे

दक्षिणेत 'टिफिन' म्हणजे आपला डबा नव्हे. इडली, वडा, डोसा, उप्पीट अशा फराळाच्या पदार्थांना तेथे टिफिन म्हणतात. जेवणाला कन्नडमध्ये 'ऊट' हा वेगळा शब्द आहे आणि हा भेद केवळ पोटभर की थोडे एवढाच नाही. सोवळ्याच्या जुन्या कल्पनेत शिजवलेला भात हे सर्वांत नाजूक अन्न. तो कोणी रांधला, कोणी वाढला, शेजारी कोण बसले, यावर त्याची शुद्धता अवलंबून असे. तळलेल्या किंवा कोरड्या फराळाला ही बंधने शिथिल होती. महाराष्ट्रातही प्रवासात दशम्या आणि पुऱ्या चालत, भात चालत नसे, हे जुन्या मंडळींना आठवत असेल. म्हणूनच चारचौघांत उभ्याने कॉफी पिणारा कर्मठ गृहस्थ दुपारच्या भातासाठी मात्र घरी जाई, नाहीतर स्वजातीच्या खाणावळीत पंगतीला बसे.

दर्शिनीने सकाळचा फराळ जिंकला यात नवल नव्हते. दुपारचा भातही तिच्या काउंटरवर आला, ही खरी घटना होय. ती घडली कोणत्याही चळवळीवाचून, दुपारच्या सुटीच्या रेट्याने. शहर वाढले, घर आणि कचेरी यांतले अंतर वाढले, घरी जाऊन जेवून येणे अशक्य झाले.

भातानेही त्यासाठी आपले रूप बदलले. पूर्ण 'मील्स'ला म्हणजे पल्य (भाजी), कोसंबरी, सारू, हुळी (सांबार), ताक यांना सात-आठ वाट्या आणि वाढपी लागतो. उभ्या माणसाला दोनच हात. यावरचा तोडगा 'राइस बात'. बिसीबेळेबात हा त्यांतला राजा. 'बिसी' म्हणजे गरम, 'बेळे' म्हणजे डाळ. तांदूळ, तूरडाळ, भाज्या, चिंच आणि मसाला एकत्र शिजवून त्यावर खारी बुंदी. भात, वरण आणि भाजी एकाच ताटलीत आणि एकाच चमच्याने. शिवाय चित्रान्न, पुळियोगरे, मोसरन्न म्हणजे आपला दहीभात. बहुतेक ठिकाणी हा भात वाटीने मूद पाडूनच देतात.

या यादीतील 'वांगीबात' मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावा. कन्नडमध्ये वांग्याला 'बदनेकाई' म्हणतात, तरी या पदार्थाचे नाव वांगीबातच. ते मराठीतून तिकडे गेले, हे सांगायला व्युत्पत्तिकार नको. कोसंबरी आणि कोशिंबीर या तर सख्ख्या बहिणीच. मात्र प्रत्येक 'बात' भात नव्हे, ही सूचना नवख्यास द्यायला हवी. खाराबात म्हणजे उपमा आणि केसरीबात म्हणजे शिरा. जेवणाच्या इराद्याने 'चौचौबात' मागवणाऱ्याच्या ताटलीत या दोहोंची एकेक मूद येऊन पडते.

खुर्चीचा हिशेब

दर्शिनीचे अर्थशास्त्र खुर्चीपासून सुरू होते. बसलेल्या माणसाला टेबलाची रुंदी, पाय पसरायला जागा आणि मागून वाढप्याला वाट लागते. उभ्याला हातभर जागा पुरते. बसलेला माणूस जेवण संपले तरी बसतो, गप्पा मारतो, वर्तमानपत्र उलगडतो. उभा माणूस हात धुऊन चालू लागतो. महागड्या भाड्याच्या जागेत तेवढ्याच वेळात कैकपट माणसे जेवून जातात, ती यामुळे. वाढप्यांचा पगार वाचतो, आणि पैसे आधी घेतल्यामुळे बिल बुडत नाही.

व्यवहारही ठरलेला. गल्ल्यावर पदार्थाचे नाव सांगायचे, पैसे द्यायचे, कुपन घ्यायचे. अलीकडे मोबाइलने पैसे भरणारेच अधिक दिसतात. कुपन काउंटरवर दिले की क्षणार्धात ताटली पुढे येते, कारण बारा वाजण्यापूर्वीच भात मोठ्या पातेल्यात तयार असतो. खाऊन झाले की ताटली ठरलेल्या टबात ठेवायची. कॉफी एकच मागवून दोघांत वाटून घ्यायची असेल तर 'बाय-टू' म्हणायचे. त्याचे कोणाला वैषम्य वाटत नाही.

दर कमी ठेवण्याचे हे गणित नाजूक असते. आणीबाणीच्या काळात (१९७५-७७) खाद्यपदार्थ फार कमी दराने विकण्याची सक्ती झाली, तेव्हा एम.टी.आर.सारख्या नामवंत हॉटेलालाही दर्जा राखून ते परवडेना, आणि ती मंडळी तयार पिठांच्या व्यवसायाकडे वळली. आज घरोघरी दिसणाऱ्या त्या पाकिटांमागे असा इतिहास आहे. दर्शिनीने पुढे हाच प्रश्न खुर्ची काढून सोडवला, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

पंक्तीचा प्रश्न

उडिपी हॉटेलांचा उगम देवळाच्या आणि मठाच्या स्वयंपाकाशी जोडला जातो. ब्राह्मण आचारी ही आरंभीच्या काळात त्यांची हमी होती, आणि ही हमी ज्यांना हवी होती त्यांना शेजारी कोण बसणार याचीही खात्री हवी असे. अनेक हॉटेलांत ब्राह्मणांसाठी वेगळी खोली होती. दलितांना तर दारातच अडवले जाई, किंवा बाहेर वेगळ्या कपात चहा दिला जाई. भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नावानिशी उल्लेख करून तेथील प्रवेशात भेद करण्यास मनाई करावी लागली, ती उगीच नव्हे. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्यानंतरही १९५७ साली शेजारच्या मद्रासमध्ये त्रिप्लिकेन येथील एका कॅफेच्या फलकावरील 'ब्राह्मण' हा शब्द काढावा म्हणून पेरियार रामस्वामींच्या अनुयायांना दीर्घकाळ सत्याग्रह करावा लागला.

दर्शिनीत पंक्तीच नाही, त्यामुळे पंक्तिभेद करायला जागा नाही. कुपनावर पदार्थाचे नाव असते, खाणाऱ्याचे नसते. हे स्थित्यंतर कोणी घोषणा देऊन घडवले नाही, म्हणून त्याची नोंद फारशी होत नाही. मात्र ते पुरते झाले असेही समजू नये. ज्या शहरात दर्शिनी आहेत, त्याच शहरात मांसाहारासाठी 'मिलिटरी हॉटेल' हा निराळा वर्ग आहे, आणि त्यांतली काही मराठा कुटुंबांनी नावारूपाला आणली आहेत. जेवणाच्या या दोन वाटा सहसा एकमेकींना मिळत नाहीत.

मुंबईकरांना उडिपी हॉटेल ठाऊक आहे ते बसण्याचे. माटुंग्यात ए. रामा नायक यांनी १९४२ साली काढलेल्या उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये केळीच्या पानावर बसून जेवण्याची चाल टिकून आहे. काउंटरवरच्या भोजनाचा आपला अनुभव आहे तो सरकारी. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली. काही वर्षांत अनुदान आटले, भाकर गेली आणि जागांचे वाद उरले. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन योजना सुरू झाली. दहा रुपयांत दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भात आणि शंभर ग्रॅम वरण. बंगळुरूत ऑगस्ट २०१७ मध्ये निघालेल्या इंदिरा कँटीनमध्ये पाच रुपयांत नाश्ता आणि दहा रुपयांत जेवण ठेवले गेले, आणि उद्घाटनासाठी निवडले गेले ते जयनगरच, जेथे दर्शिनीचा जन्म झाला. उंच टेबले, काउंटर आणि टोकन हा साचा सरकारने तयार घेतला. फरक एवढाच, की दर्शिनीला आपल्या भातावर जगायचे असते, आणि अनुदानाचे केंद्र पुढच्या अर्थसंकल्पावर जगते.

मोकळ्या दाराची किंमत

ज्या हॉटेलात कोणीही विनाचौकशी येऊ शकतो, तेथे कोणीही येऊ शकतो. १ मार्च २०२४ रोजी बंगळुरूच्या ब्रुकफील्ड भागातील रामेश्वरम कॅफेत दुपारी एकच्या सुमारास, ऐन जेवणाच्या गर्दीत, पिशवीत ठेवलेल्या बॉम्बचा स्फोट झाला. अनेक जण जखमी झाले, सुदैवाने प्राणहानी झाली नाही. आठवडाभरानंतर ते हॉटेल पुन्हा उघडले आणि आत सोडताना तपासणी होऊ लागली. कुपनाखेरीज काहीही न विचारणाऱ्या व्यवस्थेत पिशवी उघडून दाखवण्याची रीत आली.

आणखी काही बाबींकडे डोळेझाक करता येत नाही. वेगाच्या नादात सोयीची साधने शिरतात. इडली वाफवताना कापडाऐवजी प्लास्टिकचा कागद वापरला जात असल्याचे आढळल्यावर कर्नाटक सरकारला २०२५च्या फेब्रुवारीत त्यावर बंदी घालावी लागली. दुसरी बाब श्रमिकांची. उडिपी हॉटेलांचा जुना डोलारा किनारपट्टीच्या खेड्यांतून आलेल्या पोरांवर उभा होता. मुंबईत त्यांतली काही रात्रशाळेत शिकली, काही मालकही झाली. बहुतेकांचे बालपण मात्र मोरीपाशी सरले. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेले व ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. आज काउंटरमागे तरुण दिसतात, कित्येक दूरच्या राज्यांतले. गिऱ्हाईक दहा मिनिटे उभे राहते म्हणून आपण कौतुक करतो. हे लोक सकाळी सहापासून उभे असतात.

आणि ज्यांना उभे राहवत नाही त्यांचे काय? गुडघे धरलेली आजी, कडेवर मूल घेतलेली आई, कुबडी टेकणारा माणूस यांच्यासाठी दर्शिनीची रचना झालेलीच नाही. जातीचा प्रश्न न विचारणारे हे हॉटेल पायांत बळ किती, हा प्रश्न मात्र निःशब्दपणे विचारते. काही मालकांनी भिंतीलगत चार स्टुले ठेवली आहेत. पुष्कळ ठिकाणी वरच्या मजल्यावर खुर्च्या-टेबलांचे दालन असते. तोच बिसीबेळेबात तेथे वाढपी आणून देतो आणि त्याचा दर अधिक असतो. गुडघे दुखणाऱ्याने तेथवर जिना चढून जायचे असते.

जेवणासाठी जायचे असल्यास साडेबारा ते अडीच ही वेळ उत्तम. बिसीबेळेबात बहुधा आधी संपतो. दहीभात शेवटपर्यंत मिळतो. तीननंतर पातेली आत जातात, टेबलांवरून ओले फडके फिरते आणि गल्ल्यापुढे कॉफीची रांग लागते.