पानिपतचा हिवाळा

आज भिलाईच्या भट्ट्या जेथे धगधगतात, त्या छत्तीसगडात १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर रतनपुरावर चालून गेले. मराठी घोडदळाची चपळाई तेव्हा कोठे अडत नसे. एकोणीस वर्षांनी ती पानिपतास जखडली गेली. ऑक्टोबर १७६० मध्ये अब्दालीने बागपतजवळ यमुना उतरून दिल्लीची वाट रोखली; अवजड तोफा, बुणगे आणि यात्रेकरू मागे टाकून भाऊसाहेबांना हलता येईना. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेची आशा खुंटली. उत्तरेच्या त्या कडाक्यात सुती अंगरख्यांवर माणसे कशीबशी तग धरीत. पण घोड्याची ऊब त्याच्या वैरणीत असते, आणि वैरणच संपली होती. १४ जानेवारी १७६१ रोजी खंगलेली घोडी घेऊन उपाशी फौज छावणीबाहेर पडली, तेव्हा दक्षिणेत हुरड्याचे दिवस होते.