तलंग अंड्यावर केव्हा येते?

पोळ्याच्या सुमारास अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले शिमग्यापर्यंत चांगली मोठी होतात. त्यांतल्या अजून अंडे न घातलेल्या माद्यांना खेड्यात तलंगा म्हणतात. एक दिवस एखाद्या तलंगेचा फिकट तुरा लालभडक दिसू लागतो. ती घरातले अंधारे कोपरे धुंडाळत फिरते, पाठीवर हात ठेवला की अंग चोरून खाली बसते. घरातली आजी लगेच ओळखते, ही आता अंड्यावर आली. मग थोड्याच दिवसांत खुराड्यात, नाहीतर सरपणाच्या ढिगामागे, एक लहानसे अंडे सापडते. कधी कधी त्यात बलकच नसतो. अंडनलिका कामाला लागलेली असते, पण वेळापत्रक अजून बसलेले नसते.

वेळ झाली हे तलंगेला सांगते कोण? वय आणि वजन पुरेसे व्हावे लागते हे खरेच. पण तेवढ्याने भागत नाही. थंड देशांत एकाच वयाच्या तलंगा ऋतूप्रमाणे लवकर किंवा उशिरा अंड्यावर येतात, हे कोंबड्या पाळणाऱ्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे. या ‘का’चे उत्तर शोधायला मात्र माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली, आणि मधल्या काळात चुकीच्या उत्तरांवरही काम अगदी झकास चालले होते. आम्हाला या गोष्टीत रस वाटतो तो मुख्यतः त्यामुळे.

इ.स.पूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले आहे की घरच्या कोंबड्या वर्षभर अंडी घालतात, फक्त हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवसाच्या आधीचा एक महिना आणि नंतरचा एक महिना सोडून. निरीक्षण किती नेमके आहे पाहा! त्याने ‘थंडीत’ असे मोघम लिहिले नाही. ग्रीसमध्ये खरी कडाक्याची थंडी त्या लहान दिवसानंतर पडते. कोंबड्यांची सुटी मात्र त्या दिवसाच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली. आज आपल्याला यात उत्तर दिसते. पण पुढची कित्येक शतके लोक थंडी आणि चारा यांनाच कारण मानत राहिले.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिकेत काही कोंबडीपाळ हिवाळ्यात खुराड्यात दिवे लावू लागले. अंडी वाढली. विजेचे दिवे आले तशी ही पद्धत पसरली. सर्वमान्य खुलासा असा होता, की दिवस लांबला की कोंबडीला खायला जास्त वेळ मिळतो, म्हणून ती जास्त अंडी देते. पटण्यासारखाच आहे. दिवा लावणाऱ्याला याहून अधिक काही कळण्याची गरजही नव्हती.

हा खुलासा डळमळला तो कोंबड्यांमुळे नव्हे. कॅनडातील एडमंटन येथे विल्यम रोवन हे प्राणिशास्त्रज्ञ पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास करत होते. एडमंटनला डिसेंबरातला दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. १९२४ च्या शरद ऋतूत त्यांनी जुंको नावाचे चिमणीएवढे स्थलांतरी पक्षी पकडून उघड्यावरच्या पिंजऱ्यांत ठेवले. काही पिंजऱ्यांत सूर्यास्तानंतर विजेचे दिवे लावून दिवस रोज थोडा थोडा वाढवत नेला. बाकीच्या पिंजऱ्यांत दिवे नव्हते. थंडी दोघांनाही सारखीच होती, पाणी गोठवणारी. भर हिवाळ्यात पाहिले, तर दिव्याखालच्या नरांचे वृषण वसंत ऋतूत वाढावेत तसे वाढलेले आणि बाकीच्यांचे आक्रसलेलेच. हे काम १९२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. थंडीचा मुद्दा त्याने निकालात निघाला.

पण रोवन यांचाही खुलासा चुकलाच. त्यांना वाटले, उजेडामुळे पक्षी जास्त वेळ जागे राहून हालचाल करतात आणि त्या व्यायामाने हा बदल होतो. अंधारात पक्ष्यांना सतत उड्या मारायला लावणारी सरकती दांडीसुद्धा त्यांनी बसवली होती. प्रयोगाची मांडणी उत्तम, पण निष्कर्ष टिकला नाही.

फ्रान्समध्ये जाक बन्वा यांनी १९३० च्या दशकात बदकांवर प्रयोग केले. डोळे काढलेल्या बदकांनाही प्रकाशात ठेवले की त्यांचे वृषण वाढत. डोक्यावर काळी टोपी घातली की वाढ थांबे. काचेसारख्या क्वार्ट्‌झच्या कांडीतून त्यांनी प्रकाश थेट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस या भागाजवळ नेला आणि तेवढ्यानेही परिणाम झाला. कवटीतून झिरपणारा उजेड पक्ष्याचा मेंदू स्वतःच पाहतो! (हे प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो, तेही सांगायला हवे.) तो पाहणारा पदार्थ कोणता, याचा धागा हाती लागायला मात्र २०१० साल उजाडले. जपानमधील संशोधकांना लावा पक्ष्याच्या मेंदूत खोलवर प्रकाश टिपणारे ऑप्सिन-५ हे प्रथिन सापडले. त्याआधी २००८ मध्ये तिथल्याच संशोधकांनी दाखवले होते, की लहान दिवसांत वाढलेल्या लाव्याला पहिला लांब दिवस मिळाला, की पहाटेपासून सुमारे चौदा तासांनी त्याच्या पीयूषिका ग्रंथीच्या एका भागात थायरॉइडला चेतवणारे संप्रेरक बनवण्याचे काम जोरात सुरू होते. तिथून पुढे एकेक कळ दाबली जाते. बीजांडकोश जागा होतो, तुरा रंगतो, आणि पहिल्या अंड्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून पायांच्या हाडांच्या पोकळीत कवचासाठी चुन्याचा साठा होऊ लागतो. एका कवचाला सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते, ते रोजच्या दाण्यातून ऐन वेळी कुठून येणार?

याच संप्रेरकाचा धागा कोंबडी माणसाळण्याच्या इतिहासापर्यंत पोचतो. कोंबडीचा मूळ पूर्वज आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. निःसंशय पाळीव अशी सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नॉन वाट येथील आहेत, इ.स.पूर्व १६५० ते १२५० या काळातली. (कोंबडीच्या कातडीचा पिवळा रंग मात्र आपल्या सह्याद्रीतल्या करड्या रानकोंबड्याकडून आला, हे २००८ मध्ये कळले.) रानकोंबडी वर्षाकाठी मोजकी अंडी घालते, तीही ठरावीक हंगामात. २०१० मध्ये पाळीव कोंबड्यांच्या जनुकांची तपासणी झाली तेव्हा त्या थायरॉइड-संप्रेरकाच्या ग्राहकाचे जनुक जवळजवळ सर्वच पाळीव कोंबड्यांत एकाच प्रकारचे आढळले. ऋतूचे बंधन सैल होण्याशी याचा संबंध असावा. हा बदल अगदी सुरुवातीचा असेल असे वाटले होते. पण २०१४ मध्ये युरोपातल्या जुन्या हाडांतील डीएनएवरून दिसले, की तो तिथे सार्वत्रिक नव्हता. २०१७ च्या एका अभ्यासाने त्याचा प्रसार इ.स. १००० च्या आसपास सुरू झाल्याचे मांडले. त्या काळी युरोपात उपवासाला चार पायांच्या प्राण्यांचे मांस वर्ज्य होते आणि अंडी-कोंबड्यांना मागणी वाढली होती, त्याचा हा परिणाम असावा असे त्या संशोधकांना वाटते.

आज व्यावसायिक फार्मवर तलंगांचा दिवस मुद्दाम वाढू देत नाहीत. शरीर भरण्याआधी अंडी सुरू झाली तर ती लहान राहतात, अंडे अडते, अंडनलिका बाहेर येऊन तलंग दगावतेही. अंगाने तयार झाल्यावर मग दिवे वाढवत पंधरा-सोळा तासांवर नेतात. घरी हौसेने खुराड्यात रात्रभर दिवा ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणि आपल्या परसात काय होते? पुण्यात सर्वांत लहान दिवस सुमारे अकरा तासांचा, सर्वांत मोठा सव्वातेरा तासांचा. म्हणजे ॲरिस्टॉटलच्या कोंबड्यांसारखी ठळक सुटी इथे दिसणार नाही. गावठी कोंबडी खुडूक बसली, पिसे गाळू लागली किंवा उन्हाने हैराण झाली, की अंडी थांबतात, आणि त्या गडबडीत उजेडाचा परिणाम झाकून जातो. तो मुळीच नसतो का? करडी रानकोंबडी सह्याद्रीत प्रामुख्याने फेब्रुवारी ते मे या काळात, म्हणजे दिवस वाढत असताना, अंडी घालते. पाळीव कोंबडीचे काय, हे तुमच्या वर्गातली मुले पाहू शकतील. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्यांनी पिल्लू निघाल्याची तारीख, पहिल्या अंड्याची तारीख आणि दिनदर्शिकेवरून त्या दिवशीचा सूर्योदय-सूर्यास्त लिहून ठेवायचा. पावसाळ्यात निघालेल्या तलंगा आणि दिवाळीनंतर निघालेल्या तलंगा यांच्या वहीत वेगवेगळी पाने करावीत. दोन वर्षांच्या नोंदी जमल्या की किती दिवसांचा फरक पडतो ते मोजता येईल. आणि हो, कोंबडीला काय खायला घातले तेही लिहायला सांगा, नाहीतर आजी तोच मुद्दा काढतील.