समतोल अंदाजपत्रकाची घटनादुरुस्ती आणि अमेरिकेतील राज्यांचे अर्ज

अमेरिकेच्या राज्यघटनेतील पाचव्या अनुच्छेदात घटनादुरुस्ती सुचविण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांतील दोन-तृतीयांश मतांचा. आजवरच्या सर्व २७ दुरुस्त्या याच मार्गाने आल्या. दुसऱ्या मार्गात दोन-तृतीयांश, म्हणजे ३४ राज्यांच्या विधिमंडळांनी अर्ज केल्यास काँग्रेसने घटनापरिषद बोलावणे बंधनकारक ठरते. हा मार्ग एकदाही पूर्णत्वास गेलेला नाही. भारतीय संविधानाच्या ३६८ व्या अनुच्छेदात राज्यांना असा पुढाकार नाही, म्हणूनही तो अभ्यासण्याजोगा आहे.

केंद्राचा कर्ज काढण्याचा अधिकार घटनादुरुस्तीने काढून घ्यावा, अशी इच्छा थॉमस जेफरसन यांनी १७९८ मध्ये जॉन टेलर यांना लिहिलेल्या पत्रात व्यक्त केली होती. मात्र प्रत्यक्ष बंधने प्रथम आली ती राज्यांवर. कालवे, लोहमार्ग व बँका यांसाठी काढलेल्या कर्जांची फेड १८४० च्या दशकाच्या आरंभी आठ राज्यांना वेळेवर करता आली नाही. त्यानंतर अनेक राज्यांनी आपापल्या घटनांत कर्जमर्यादा घातल्या. आज व्हरमाँटचा अपवाद वगळता बहुतेक सर्व राज्यांत समतोलाची काही ना काही अट आहे.

‘आम्ही पाळतो, मग केंद्राने का नको?’ हा १९७५ नंतरच्या मोहिमेचा मुख्य युक्तिवाद होता. प्रस्तुत लेखकास तो अर्धाच पटतो. राज्यांची अट बहुधा चालू खर्चापुरती असते. रस्ते व इमारती कर्जातून उभ्या राहतात. शिवाय राज्यांच्या जमेच्या बाजूस केंद्राची अनुदाने असतात, ही बाब अर्जांच्या भाषेतून सोयीस्करपणे वगळली गेली.

तरीही मोहीम फोफावली. कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी १९७९ मध्ये तिला पाठिंबा दिला. १९८३ मध्ये मिसुरीचा अर्ज आला आणि संख्या ३२ झाली; अवघी दोन राज्ये उरली. या दबावाखाली १९८२ मध्ये सिनेटने काँग्रेसचा स्वतःचा मसुदा ६९ विरुद्ध ३१ मतांनी संमत केला होता, परंतु प्रतिनिधिगृहात तो २३६ विरुद्ध १८७ असा अडला. पुढे १९९७ मध्ये सिनेटमध्ये केवळ एक मत कमी पडले.

दरम्यान राज्येच माघार घेऊ लागली. अलाबामा व फ्लोरिडा यांनी १९८८ मध्ये अर्ज रद्द केले. कारण अर्थशास्त्रीय नव्हते, ऐतिहासिक होते. १७८७ ची फिलाडेल्फिया परिषद जुन्या करारपत्रात सुधारणा करण्यासाठी भरली आणि तिने नवी घटनाच लिहिली. नवी परिषदही एका विषयापुरती थांबेल याची हमी कोण देणार? माजी सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनीही १९८८ मध्ये हीच भीती बोलून दाखविली. ही भीती पोकळ म्हणता येत नाही, परंतु परिषदेच्या प्रस्तावासही ३८ राज्यांची मान्यता लागते, हे टीकाकार फारसे सांगत नाहीत.

अर्ज किती काळ जिवंत राहतो, तो मागे घेता येतो काय, यावर पाचवा अनुच्छेद मौन बाळगतो. १७८९ मध्ये सुचविलेली सत्ताविसावी दुरुस्ती १९९२ मध्ये अमलात आल्याने जुन्या अर्जांच्या समर्थकांना आधार मिळाला. मोजदाद मात्र काँग्रेसच्याच हाती पडते. म्हणजे जिला बांधावयाचे, तीच गाठी मोजणार. फ्लोरिडाने २०१० मध्ये पुन्हा अर्ज केला. २०१७ मध्ये ॲरिझोना व वायोमिंग यांनी अर्ज केले, तर त्याच वर्षी मेरीलँड, न्यू मेक्सिको आणि नेवाडा यांनी आपले अर्ज मागे घेतले.