रस्त्यावरील रेघ

एखाद्या समाजाच्या अंगी शिस्त आहे की नाही हे पाहावयाचे असल्यास त्याचे ग्रंथ चाळण्याचे कारण नाही; त्याच्या एखाद्या गजबजलेल्या चौकात घटकाभर उभे राहिले म्हणजे पुरे, असे एक मत आहे. या कसोटीस आपला समाज उतरत नाही हे उघड आहे. दिवा तांबडा असता गाडी पुढे दामटणे, थांबण्याची रेघ ओलांडून पादचाऱ्यांच्या पट्ट्यांवर ठाण मांडणे, थोडासा वळसा वाचविण्यासाठी उलट दिशेने येणे, या गोष्टी इतक्या नित्याच्या झाल्या आहेत की त्यांचे कोणास नवलही वाटत नाही. मात्र यावरून जो सिद्धान्त काढण्यात येतो, की नियम मोडणे आमच्या रक्तातच आहे आणि तो पाळणे पाश्चात्त्यांच्या, तो आम्हांस मान्य नाही. इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो, व ती साक्ष वाचकांपुढे मांडणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रस्त्याची बाजू ठरविण्याची कल्पना सद्गुणातून निघाली नाही. ती खोळंब्यातून निघाली. लंडन येथे थेम्स नदीवर जो जुना पूल होता, त्यावर दोन्ही अंगांस घरे दाटलेली असल्यामुळे मधली वाट अरुंद झाली होती, आणि तीत समोरासमोरच्या गाड्या अडकून पडत. तेव्हा १७२२ साली लॉर्ड मेयरने हुकूम काढला की, शहरात येणाऱ्या गाड्यांनी पुलाची पश्चिम बाजू धरावी व बाहेर जाणाऱ्यांनी पूर्व बाजू; म्हणजे ज्याने त्याने आपल्या डाव्या हाताने चालावे. नुसता हुकूम काढून तो स्वस्थ बसला नाही. त्याची अंमलबजावणी करण्यासाठी तीन माणसांची नेमणूक झाली. पुढे १७५६ साली या पुलापुरता कायदा झाला आणि १८३५ साली डावी बाजू हा सर्वसामान्य कायदा बनला. एका पुलावरची तोड कायद्यात रुजण्यास शंभरांहून अधिक वर्षे लागली, आणि तिच्या मुळाशी पहारा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मोटार आल्यावर नुसती बाजू पुरेना. तिची सीमा डोळ्यांना दिसणे अवश्य झाले. अमेरिकेत मिशिगन संस्थानातील वेन परगण्यात एडवर्ड हाइन्स या रस्ते-अधिकाऱ्याच्या कल्पनेवरून १९११ साली रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ ओढण्यात आली. गळक्या दुधाच्या गाडीमागे उमटलेली धार पाहून त्यास ही युक्ती सुचली, असे सांगतात. कॅलिफोर्नियातील जून मॅकॅरोल या डॉक्टरीणबाईंची हकीकत याहून बोधप्रद आहे. समोरून आलेल्या मालमोटारीमुळे त्यांस आपली गाडी रस्त्याखाली घालावी लागली. अधिकाऱ्यांकडे केलेली विनंती फुकट गेल्यावर १९१७ साली त्यांनी स्वतःच आपल्या गावाजवळ सुमारे दोन मैल रेघ रंगविली, आणि महिला मंडळांच्या चळवळीनंतर १९२४ साली त्या संस्थानाने ती पद्धत स्वीकारली. रेघ ही प्रथमपासून सरकारची लहर नव्हती. जीव वाचलेल्या माणसाने दुसऱ्याच्या जिवासाठी केलेली ती मागणी होती.

आता इंग्लंडाकडे पाहू. कारण शिस्तीचे माहेरघर म्हणून त्याच देशाचे नाव आपल्याकडे घेतात. तेथे १९३० साली मोटारींवरील वेगमर्यादा उठविण्यात आली. सभ्य गृहस्थ आपण होऊन सभ्यपणे गाडी हाकतील, हा भरवसा त्यामागे होता. १९३१ साली नियमांचे पुस्तकही निघाले. परिणाम काय झाला? सुमारे चोवीस लाख वाहने असलेल्या त्या देशात १९३४ साली ७,३४३ माणसे रस्त्यावर मेली! तेव्हा कोठे डोळे उघडले. १९३५ पासून वस्तीत ताशी तीस मैलांची मर्यादा पुन्हा आली आणि नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. आज तेथे चार कोटींहून अधिक वाहने असूनही वर्षाकाठी सुमारे १,७०० माणसे मरतात. याचे श्रेय सुधारलेले रस्ते, भक्कम गाड्या व वैद्यक यांसही आहे. परंतु त्या लोकांचे रक्त काही मध्यंतरी बदलले नाही. बदलली ती व्यवस्था.

बाजू डावी की उजवी, यातही काही पावित्र्य नाही. पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू पत्करली, पण आपल्या गोव्यात डावीच राहिली. कारण शेजारच्या मुलुखातील गाड्या डावीकडून चालत होत्या. स्वीडनमध्ये १९५५ साली लोकांनी प्रचंड बहुमताने उजवी बाजू नाकारली होती. तथापि पुढे सरकारने घरोघर शिकवण पोहोचविली आणि ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे पाच वाजता सारे राष्ट्र एकदम उजवीकडे वळले. न आवडलेला नियमही सर्वांस नीट समजला व सर्वांस सारखा लागला, तर पाळला जातो.

आपल्याकडे उणीव कायद्याची आहे काय? मुळीच नाही. सार्वजनिक रस्त्यावर बेफामपणे गाडी हाकणे हा गुन्हा १८६० च्या दंडसंहितेतच होता. त्या वेळी मोटार जन्मासही आली नव्हती. पहिला मोटार कायदा १९१४ चा. १९३९ च्या कायद्याने वाहन हाकण्याचे नियम परिशिष्ट जोडून सांगितले. पुढे १९८८ चा कायदा झाला, व २०१९ साली दंड वाढले. इतके असूनही २०२२ या एका वर्षात १,६८,४९१ माणसे आपल्या रस्त्यांवर मेली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला; प्रत्येक दिशेस तीन लेन आखल्या, अवजड वाहनांस डावी नेमून दिली; पण उजव्या लेनमध्ये मुंगीच्या पावलाने चाललेला मालट्रक व त्यास डावीकडून ओलांडणारी मोटार हे दृश्य त्या वाटेच्या प्रवाशास नवे नाही.

याचे कारण आमच्या मते असे की, लंडनच्या पुलावर जे एकत्र होते ते आपल्याकडे फुटून निघाले आहे. कायदा पुस्तकात राहिला, शिक्षण परवान्याच्या अर्जात आटोपले, आणि पहारा हवालदाराच्या असण्यानसण्यावर आला. तो चौकात दिसला की रेघ जिवंत होते. तो चहास गेला की ती पुसते. शिवाय जो एकटाच नियम पाळतो त्याच्या पाठीशी कर्ण्यांचा गजर होतो व तो मूर्ख ठरतो. अशा स्थितीत कळते पण वळत नाही, हे केवळ चालकाचे दूषण नव्हे. वळण लावणाऱ्यांचेही आहे.

तथापि सरकारकडे बोट दाखवून चालकाची सुटका होत नाही. रेघ म्हणजे भिंत नव्हे. ती कोणास अडवू शकत नाही. ती अनोळखी माणसांनी एकमेकांस दिलेला शब्द आहे. जेथे तो मोडतो तेथे बळी तो कान पिळी हा एकच न्याय उरतो. मग मालमोटारीपुढे मोटार, मोटारीपुढे दुचाकी, आणि सर्वांपुढे पायी चालणारा म्हातारा अथवा शाळेस निघालेले पोर हवालदिल होते. ज्या दुर्गुणास आपण स्वभाव म्हणतो तो इतर देशांत व्यवस्थेने व सवयीने गेला, हे इतिहास सांगतो. तो आपला स्वभाव नसून आपली हेळसांड आहे, एवढे जरी आपण कबूल केले तरी सुधारणेस प्रारंभ होईल. कारण स्वभावास औषध नाही, पण हेळसांडीस आहे.