सामाईक भिंतींची घरं

इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्ड शहराजवळ, एअर नदीच्या काठी सॉल्टेअर नावाची वसाहत आहे. टायटस सॉल्ट या लोकर-गिरणीमालकाने १८५३ साली इथे गिरणी सुरू केली. मग लॉकवुड आणि मॉसन या वास्तुरचनाकारांकडून कामगारांसाठी आठशेहून अधिक घरं बांधून घेतली. वालुकाश्माच्या या घरांच्या लांबच लांब रांगा आजही उभ्या आहेत.

घरं रांगेत का बांधली असतील? शेजारच्या दोन घरांत भिंत एकच, म्हणजे दगड कमी, जमीन कमी. शिवाय मधल्या घराच्या फक्त पुढच्या-मागच्या भिंती थंड हवेला उघड्या राहतात, त्यामुळे उष्णता कमी निसटते.

ही काटकसर फार ताणली की काय होतं, हे तेव्हाच्या ब्रॅडफर्डमध्ये दिसत होतं. तिथे पाठीला पाठ लावून घरं बांधत. तीन बाजू बंद, खिडक्या एकाच बाजूला. वारा आरपार वाहणार कसा? १८४९ साली शहरात पटकीची साथ आली, तेव्हा सॉल्ट तिथला महापौर होता.

सॉल्टेअरच्या घरांना मात्र मागे छोटं अंगण, स्वतंत्र संडास आणि नळाचं पाणी मिळालं. गंमत अशी, की पटकी घाणेरड्या हवेमुळे होते असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. ती पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो यांचं म्हणणं रुजायला वेळ लागला. समज चुकीचा, पण घाण दूर नेण्याचा उपाय उपयोगी!

खिडक्यांनाही इतिहास आहे. इंग्लंडमध्ये १६९६ पासून खिडक्यांवर कर होता. काचेवरचं शुल्क १८४५ साली आणि खिडक्यांवरचा कर १८५१ साली रद्द झाला. त्यानंतर बांधलेल्या या घरांना उजेडासाठी कर मोजावा लागला नाही.

पण या रांगांमध्ये समानता होती असं आम्हाला म्हणता येणार नाही. साध्या कामगाराचं घर लहान, मुकादमाचं मोठं. कोणाचा हुद्दा काय, हे रस्त्यावरूनच कळे. आणि घरभाडं जाई गिरणीमालकाकडेच.

ही घरं आता कायद्याने संरक्षित आहेत; २००१ साली वसाहतीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यामुळे मालकाची आस्था आणि त्याने आखलेली उतरंड, दोन्ही जपली गेली आहेत. वर्गात या घरांचं चित्र दाखवताना मुलांना दोन्हीबद्दल विचारायला हवं: हवा कुठून येते आणि कोणाचं घर मोठं आहे?