विडीचा धूर, उंदराचे फुफ्फुस आणि सीटी स्कॅन

वार्ताहर / गुंजी

निपाणी भाग विडीच्या तंबाखूसाठी ओळखला जातो. विडी ओढणारे मात्र गुंजी, खानापूरपर्यंत सगळीकडे आहेत. धाप लागू लागली की माणूस बेळगावला जाऊन छातीचा एक्स-रे काढतो. तो ‘नॉर्मल’ आला की विडी पुन्हा सुरू! पण धुराने फुफ्फुसातल्या वायुकोशांच्या भिंती झिजून फाटतात, त्या आजाराला एम्फिसिमा म्हणतात आणि सुरुवातीला तो एक्स-रेत सहसा दिसतच नाही. सीटी स्कॅनमध्ये लवकर दिसू शकतो.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला घनतेचा आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे 1000. माणसाच्या फुफ्फुसात उणे 950 च्या खाली गेलेला भाग साधारणपणे एम्फिसिमाचा धरतात. भिंती गेल्या, नुसती हवा उरली, असा त्याचा अर्थ.

धूर कोणत्या टप्प्यावर काय बिघडवतो हे पाहण्यासाठी प्रयोगशाळेत उंदीर वापरतात. त्यांना रोज ठरावीक वेळ धुरात ठेवले जाते. सुमारे सहा महिने धूर दिल्यावरही होणारा एम्फिसिमा सौम्यच असतो, आणि उंदराच्या जातीप्रमाणे तो कमी-जास्त होतो. घाई असेल तर श्वासनलिकेत इलास्टेज नावाचे विकर सोडून काही आठवड्यांत वायुकोश फाडता येतात. ते सोयीचे खरे, पण त्याला धुराचे नुकसान म्हणता येत नाही.

पूर्वी प्रत्येक टप्प्यावर काही उंदीर मारून फुफ्फुसाचे पातळ छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागत. मायक्रो-सीटीमुळे तोच उंदीर भूल देऊन पुन्हा पुन्हा तपासता येतो. दर महिन्याला वेगळ्या गिऱ्हाइकाचे पासबुक बघण्यापेक्षा एकाच खात्याचा उतारा बघावा, तसा हा फरक. जनावरेही कमी लागतात. अडचण श्वासाची आहे. वीस-तीस ग्रॅमचा उंदीर मिनिटाला शंभरावर श्वास घेतो, त्यामुळे चित्र हलते. म्हणून श्वासाच्या ठरावीक क्षणाचीच चित्रे निवडून जोडतात. शिवाय जिवंत उंदरात एकेक वायुकोश वेगळा दिसत नाही, दिसते ती एकूण घनता. वारंवार स्कॅन केल्यास क्ष-किरणांचा डोसही साचतो.

खरी गोम पुढे आहे. धुराने फुफ्फुसाला सूज येते, सुजेने घनता वाढते. एम्फिसिमाने घनता घटते. म्हणजे जमा आणि नावे एकमेकांत वजा होऊन शिल्लक ठीकठाक दिसते, आत मात्र दोन्हीकडून नुकसान चालू! उलट धूर बंद केल्यावर घनता उतरली, तर लगेच आजार वाढला असे समजू नये, सूज ओसरलेली असू शकते. त्यामुळे शेवटी छेद काढून भिंतींमधले सरासरी अंतर मोजण्याची जुनी पद्धत आजही सुटलेली नाही.

एमआरआयला फुफ्फुस अवघड, कारण आत हवाच जास्त. 1994 मध्ये उंदराच्या बाहेर काढलेल्या फुफ्फुसात खास तयार केलेला झेनॉन वायू भरून चित्र घेतले गेले. हवा कुठे पोचते हे त्यातून कळते. अमेरिकेत 2022 च्या अखेरीस या तंत्राला माणसांसाठी मान्यता मिळाली.

आपल्या भागाचा प्रश्न वेगळाच राहतो. अशा प्रयोगांत सहसा सिगारेट जळते, बऱ्याचदा अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाची संशोधनासाठी बनवलेली प्रमाणित सिगारेट. विडीला फिल्टर नाही, आणि पान विझू नये म्हणून झुरकेही जास्त मारावे लागतात. मुंबईच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी विडीच्या धुराच्या अर्काचा उंदरांवरचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध केला, पण तो कर्करोगाबद्दल होता, वायुकोशांबद्दल नव्हे. तेव्हा उंदराच्या स्कॅनवरचे आकडे निपाणीच्या विडीला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

रुग्णासाठी पहिली तपासणी फुंकून करायची, म्हणजे स्पायरोमेट्री. सीटी डॉक्टर सांगतील तेव्हा. एक्स-रे चांगला आला तरी दिवसाला किती विड्या आणि किती वर्षे, हे त्यांना न लपवता सांगावे. फाटलेले वायुकोश पुन्हा जुळत नाहीत. विडी सोडल्यावर पुढची झीज मात्र मंदावते.